आईची वही

एटापल्ली तालुक्यात एखाद्या बाईला विचारावे, "लेकरू केवढे झाले?" तर ती महिने मोजत बसत नाही. "मोह पडत होता तेव्हाचे आहे," म्हणते. दुसरीचे तेंदूपत्त्याच्या हंगामातले, तिसरीचे धानाच्या रोवणीतले. तुमच्या गावी मोहाऐवजी ज्वारीची सुगी किंवा उसाची तोड असेल, एवढाच फरक. याला कोणी अडाणीपणा म्हणू नये. जंगलाचे पंचांग त्या माउलीला तोंडपाठ असते.

पण भगिनींनो, मोह बरेच दिवस पडत राहतो आणि रोवणीही एका दिवसात उरकत नाही. बाळाच्या लसी मात्र आठवड्यांच्या हिशेबाने द्याव्या लागतात. काही जन्मल्याबरोबर, मग ६, १० आणि १४ आठवड्यांना, मग ९ महिने पुरे झाल्यावर. तिथे "मोहाच्या वेळी" एवढे सांगून भागत नाही. म्हणून म्हणते, दिवस गेल्याची शंका आली की पोराच्या दप्तरातली एक कोरी वही मागून घ्या. ती तुमची वही.

पहिल्या पानावर एकच गोष्ट लिहा. शेवटच्या पाळीचा पहिला दिवस. पाळी नेमाने येत असेल तर त्यात ९ महिने आणि ७ दिवस मिळवले की बाळंतपणाची अंदाजी तारीख निघते. माडिया बाया पाळीचे दिवस कुर्मा घरात काढतात. बाईने तिथे राहावे की नाही, यावर बोलण्यासारखे पुष्कळ आहे, ते पुन्हा कधीतरी. पण कुर्मात गेल्याचा दिवस घरात सर्वांना ठाऊक असतो, तोच वहीत उतरवायचा.

समजा, तो दिवस ३ नोव्हेंबर होता. म्हणजे बाळंतपण १० ऑगस्टच्या आसपास. आता ऑगस्टातले एटापल्ली डोळ्यांपुढे आणा. नाले दुथडी भरलेले, आतल्या गावांचा रस्ता तुटलेला, कळा सुरू झालेल्या आणि बाईला खाटेवर घालून पाण्यातून न्यायची वेळ. हीच तारीख वहीत आधी लिहिलेली असेल तर जुलै सरतानाच घरात बोलणे काढता येते. एटापल्लीला ग्रामीण रुग्णालय आहे, तिथे कोणी सोयरे असतील तर आठ दिवस आधी जाऊन राहावे. गडचिरोलीसारख्या आदिवासी भागात काही प्राथमिक आरोग्य केंद्रांजवळ 'माहेरघर' केलेले आहे, तिथे गरोदर बाईला आधीपासून राहता येते. आपल्या केंद्रात ती सोय आहे का, हे आशाताईंना विचारून ठेवा. रोवणी कोण करील, कोंबड्या कोण पाहील, हे प्रश्न येणारच. ते जूनमध्ये सुटतात, पुराच्या रात्री नाही.

तुम्ही म्हणाल, लिहून काय मोठेसे होणार? याच जिल्ह्यातली गोष्ट सांगते. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था सुरू केली. पुढे ३९ गावांत त्यांनी गावातल्याच, थोड्या शिकलेल्या बायांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले. या बाया घरोघर जात, बाळाचे वजन करीत, अंग गार की गरम पाहत, श्वास मोजत आणि सगळे लिहून ठेवीत. गरज पडली तर उपचारही करीत. १९९९ मध्ये या कामाचा अहवाल प्रसिद्ध झाला, तेव्हा नवजात बाळांच्या मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी खाली आल्याचे दिसले. नुसत्या लिहिण्याने बाळे वाचली असे मी म्हणणार नाही. पण काल वजन किती होते हे लिहिले नसेल तर आज ते घटले हे कळणार कसे? २०११ पासून हीच रीत देशभर आशाताईंच्या कामात आली. दवाखान्यात बाळंतपण झाले तर ४२ दिवसांत ६ वेळा, घरी झाले तर ७ वेळा त्या येतात.

मधल्या दिवसांत मात्र बाळापाशी तुम्हीच असता. तेव्हा वहीत रोज दोन ओळी पुरेत. बाळ किती वेळा प्यायले, किती वेळा ओले केले. पहिले काही दिवस वजन थोडे उतरते, त्याने घाबरू नये, दोन आठवड्यांत ते जन्माच्या वजनावर यायला हवे. अंगावरचे दूध ओढेनासे झाले, अंग गार पडले किंवा तापले, बाळ मलूल झाले, छाती आत ओढली जाऊ लागली, किंवा शांत असताना मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त श्वास भरले, तर मात्र लिहीत बसू नका. बाळ घ्या आणि निघा.

बाळाविषयी सगळेच विचारतात. बाळंतिणीला कोण विचारतो? डॉ. राणी बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत बायांची तपासणी केली होती, तिचा अहवाल १९८९ मध्ये आला. शंभरातल्या ९२ जणींना स्त्रियांचा कोणता ना कोणता आजार निघाला, आणि त्याआधी तशी तपासणी झालेल्या होत्या अवघ्या ८. म्हणजे दुखत होते, पण बोलत कोणी नव्हते. सासूपुढे लाज, नवऱ्यापुढे संकोच, दवाखान्यात पुरुष डॉक्टर.

वहीपुढे लाज नाही. अंगावर जास्त जाते आहे, घाण वास येतो, ताप आहे, डोके फार दुखते, डोळ्यांपुढे अंधारी येते, असे काही असेल तर त्याच दिवशी तारखेसह लिहा आणि त्याच दिवशी आशाताईंना ते पान दाखवा. तोंडाने सांगवत नसेल तर वही पुढे सरकवा. जीव रमत नाही, लेकराकडे पाहावेसे वाटत नाही, उगाच रडू येते, हेही लिहावे. पहिल्या आठवड्यात अनेकींना असे होते आणि ओसरते. पंधरा दिवसांची पाने सारखीच उदास निघाली तर तोही आजारच समजावा, त्याला उपचार आहे. जीव नकोसा वाटला तर पंधरा दिवस थांबू नका, त्याच क्षणी जवळच्या माणसाला सांगा. आणि घरच्या मंडळींनो, "बाळंतिणीचे नखरे" हा शब्द तेवढा आवरा.

सगळे रडगाणेच लिहावे असे मात्र नाही. पहिल्यांदा हसले ते कोणाकडे पाहून, कोणत्या आजीने काय म्हणून आंघोळ घातली, नाव कोणी सुचवले, हे सगळे वहीत येऊ द्या. लक्ष्मीबाई टिळकांनी म्हातारपणी आठवून आठवून 'स्मृतिचित्रे' लिहिली आणि १९३४ पासून ती भागाभागाने छापून आली. त्या शाळेत शिकलेल्या नव्हत्या, घरीच लिहावाचायला शिकल्या. त्यांच्यासारखी आठवण तुमच्या-माझ्याजवळ कुठली? माझ्या थोरल्याचा पहिला दात कधी आला, मला आज सांगता येत नाही.

शुद्धलेखनाची फिकीर करू नका. माडियात बोलता तर माडियातच, देवनागरी अक्षरांत लिहा. अक्षर येत नसेल तर पाजले की एक रेघ आणि ओले केले की एक टिंब, असे रोजच्या पानावर काढा, तारीख शाळेतल्या लेकीकडून घालून घ्या. आणि शाईचे पेन नको, शिसपेन्सिल घ्या. गळक्या कौलाखाली शाई फुटते, पेन्सिलीचे अक्षर राहते. वही प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून माता-बालकाच्या कार्डाबरोबर एकाच जागी ठेवा, म्हणजे रात्री-अपरात्री निघायची वेळ आली तर दोन्ही एका हाताला लागतील.