चेंडू एकच, स्टार तिघं!

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. सिल्लोड तालुक्यातल्या एका गावात कबड्डीचे खुले सामने भरले होते. आमच्या ग्रुपमध्ये रात्री बारा वाजता कुणाच्या तरी डोक्यात आयडिया आली, की दरवर्षी आपण दुसऱ्या फेरीत गळतो, तर यंदा आजूबाजूचे टॉपचे तीन रेडर एकाच टीममध्ये घेऊ. एक सिल्लोडचा, एक भोकरदनकडचा, एक कन्नडचा. एरवी हे तिघं एकमेकांच्या विरोधात खेळणारे. तिघंही हो म्हणाले आणि ग्रुपवर मेसेज पडला, "भाऊ, कप मोठाय. येताना मोठी गाडी सांगा!"

पहिल्याच सामन्यात हरून घरी आलो. गाडी सांगितलीच नव्हती, ते बरं झालं.

झालं काय, तर चढाईला एका वेळी एकच जण जाणार, आणि आमच्याकडे तिघं कायम तयार. एक रिकामा परत आला की कॅप्टननं सांगायच्या आत दुसरा लाइनवर. पकडीच्या वेळी मात्र कॉर्नरला उभं राहायला कुणी राजी नाही. समोरची टीम आमच्यापेक्षा साधी होती, पण सातही जण साखळी धरून होते. घरी हे सगळं रडगाणं गायलो, तर आई भाकरी थापता थापता म्हणाली, "नुसत्या मिरच्या कुटून ठेचा होतो का रे? मीठ नको, लसूण नको?"

सिल्लोड म्हणजे मिरचीचं गाव. हे आम्हाला दुसऱ्या कुणी सांगायला नको होतं.

मायामीचा शो

हाच घोळ जगातल्या सगळ्यात महागड्या बास्केटबॉल लीगमध्येही झालाय. जुलै 2010 मध्ये लेब्रॉन जेम्सनं खास टीव्ही कार्यक्रमात जाहीर केलं, की मी क्लीव्हलँड सोडून मायामी हीटमध्ये जातोय. तिथं ड्वेन वेड आधीपासून होता आणि टोरांटोहून ख्रिस बॉशही येत होता. तिघंही आपापल्या टीमचे हिरो. दुसऱ्याच दिवशी मायामीत जंगी स्वागत झालं. एकही सामना खेळण्याआधी लेब्रॉन स्टेजवर बोटं मोजत, आपण किती ट्रॉफ्या जिंकणार ते सांगत होता. एक नाही, दोन नाही, थेट सातच्याही पुढे!

सीझन सुरू झाला आणि पहिल्या 17 सामन्यांपैकी 8 हरले. पुढे गाडी रुळावर आली, फायनलही गाठली. पण 2011 च्या त्या फायनलमध्ये डर्क नोविट्झ्कीच्या डॅलस संघानं त्यांना 4-2 असं हरवलं.

त्या उन्हाळ्यात वेडनं एक अवघड गोष्ट केली. मायामी त्याचं शहर, 2006 ची ट्रॉफी त्याच्या जोरावर आलेली. तरीही त्यानं लेब्रॉनला सांगितलं, की पुढे तू हो, मी मागे राहतो. बॉशचं तर आणखी अवघड. टोरांटोत शेवटच्या सीझनला तो सामन्याला सरासरी 24 गुण करायचा. मायामीत पहिल्या वर्षी ते 18.7 वर आले, तिसऱ्या वर्षी 16.6 वर. सोशल मीडियावर त्याची यथेच्छ टिंगल झाली. पण 2012 ला ट्रॉफी आली.

खरी मजा 2013 च्या फायनलमध्ये आहे. सहावा सामना, सॅन अँटोनियो 3-2 नं पुढे. शेवटचे काही सेकंद, मायामी तीन गुणांनी मागे. लेब्रॉननं लांबून चेंडू टाकला, हुकला. गर्दीतून उडी मारून तो चेंडू पकडला बॉशनं. स्वतः न मारता त्यानं कोपऱ्याकडे मागे सरकणाऱ्या रे ॲलनला पास दिला. ॲलनचा थ्री-पॉइंटर आत, घड्याळात 5.2 सेकंद शिल्लक, स्कोअर 95-95. जादा वेळेत मायामी 103-100 नं जिंकली. दोन दिवसांनी सातवा सामनाही जिंकून ट्रॉफी घेतली.

त्या सातव्या सामन्यात बॉशचे गुण किती, माहितीये? शून्य.

आणि हा रे ॲलन कोण? तोही एकेकाळचा हिरोच. 2007 मध्ये पॉल पिअर्सच्या बॉस्टनमध्ये तो आणि केव्हिन गार्नेट दाखल झाले. आदल्या सीझनला बॉस्टननं 82 पैकी फक्त 24 सामने जिंकले होते. हे तिघं एकत्र आल्यावर 66 जिंकले आणि 2008 ची ट्रॉफीही. त्या वर्षी तिघांचीही सरासरी उतरली होती. ॲलनची तर 26.4 वरून 17.4. पुढे मायामीत तो बेंचवरून उठून खेळायला यायचा.

उलटं उदाहरणही आहे. 2012-13 मध्ये लेकर्सकडे कोबी ब्रायंट, पाऊ गॅसोल, स्टीव्ह नॅश आणि ड्वाइट हॉवर्ड, अशी चार मोठी नावं होती. पोस्टर भारी दिसायचं. पण प्ले-ऑफच्या पहिल्याच फेरीत 4-0 नं बाहेर. दुखापतींनी घात केला, हे खरंच. पण कुणी किती मागे सरकायचं, हेही त्या टीमचं कधी ठरलं नाही.

हैदराबादचे ते दिवस

अमेरिकेचं सोडा, आपल्याकडचं बघू. 2017 चा प्रो कबड्डीचा सीझन आठवा. रिशांक देवाडिगा यूपी योद्धाकडून, नीलेश साळुंके तेलुगू टायटन्सकडून आणि गिरीश इरनाक पुणेरी पलटणकडून खेळत होते. त्याच सीझनमध्ये रिशांकनं जयपूरविरुद्ध एका सामन्यात 28 गुण घेतले होते. म्हणजे 'मला चेंडू द्या' असं म्हणायचा हक्क असलेला माणूस. फक्त इथं चेंडूऐवजी चढाई.

ऑक्टोबरपर्यंत एकमेकांना आउट करणारे हे खेळाडू जानेवारी 2018 मध्ये हैदराबादच्या राष्ट्रीय स्पर्धेत महाराष्ट्राच्या एकाच जर्सीत उतरले. कॅप्टन रिशांक. फायनलला समोर सेनादल. महाराष्ट्रानं 34-29 अशी बाजी मारली आणि 11 वर्षांनी राष्ट्रीय विजेतेपद घरी आलं.

स्कोअर पुन्हा बघा, फक्त पाच गुणांचा फरक. कबड्डीत दोन-तीन चांगल्या पकडी झाल्या की तेवढं अंतर बुजतं. एकटा रेडर अशी फायनल काढू शकत नाही. मागे इरनाकसारखा डाव्या कोपऱ्यात पाय रोवून उभा असलेला माणूस लागतो.

पण आपलं करिअर?

आता तुम्ही म्हणाल, बॉशचं ठीक आहे, त्याला कोट्यवधी डॉलर मिळत होते. आपलं काय? बरोबर आहे. आमच्या कन्नडच्या रेडरनं हेच विचारलं होतं, "मी कॉर्नरला उभा राहिलो, तर सिलेक्शनला आलेल्यांना मी दिसणार कसा?"

हा नुसता इगो नाही. मराठवाड्यातल्या कित्येक पोरांसाठी खेळ म्हणजे नोकरीची वाट आहे. पोलिस भरती, रेल्वे, सेनादल. आपल्या देशात स्टार खेळाडू एकत्र येतात, ते बऱ्याचदा या नोकऱ्यांमुळेच. पुण्याची शिरीन लिमये भारतीय महिला बास्केटबॉल संघाची कॅप्टन होती आणि राष्ट्रीय स्पर्धेत रेल्वेकडून खेळली. वेगवेगळ्या राज्यांतल्या मुली नोकरीमुळे रेल्वेच्या जर्सीत एकत्र येतात, म्हणूनच तो संघ एवढा दबदबा राखून आहे. अमेरिकेत करार जे काम करतो, ते आपल्याकडे स्पोर्ट्स कोटा करतो.

पण याच कोट्याची दुसरी बाजूही बघा. महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे. त्यासाठी मान्यताप्राप्त स्पर्धेतल्या कामगिरीचं प्रमाणपत्र लागतं. सांघिक खेळात पदक मिळतं ते संघाला. पहिल्या फेरीत बाहेर पडलेल्या संघातल्या रेडरच्या पंधरा गुणांची नोंद त्या कागदावर कुठंच नसते. कॉर्नरला उभा राहून जिंकलेल्याचं नाव मात्र असतं.

म्हणजे मागे सरकणं हा नुसता त्याग नाही. तो हिशोबही आहे. फक्त तो सगळ्यांनी मिळून, सामन्याच्या आधी करायला हवा. आमच्या ग्रुपनं कप आणायची गाडी ठरवली, पण कॉर्नरला कोण उभं राहणार, हे ठरवलं नाही.

यंदाचा प्रयोग

या वर्षी तेच सामने, तीच टीम. फरक एवढाच, की आठ दिवस आधी एका टपरीवर बसून चहाच्या चार फेऱ्या होईपर्यंत भांडलो. पहिली चढाई कुणाची, तिसरी निर्णायक आली तर कोण जाणार, आणि मुख्य म्हणजे धरणार कोण. बराच वेळ कुणी बोलेना. शेवटी कन्नडवाला म्हणाला, "चला, मी राहतो कॉर्नरला. पण पुढच्या वर्षी नंबर बदलायचा."

यंदा सेमीफायनलपर्यंत गेलो. तिथं दोन गुणांनी हरलो. त्या सामन्यात कन्नडवाल्यानं पाच पकडी केल्या. चढाईतले त्याचे गुण शून्य.

परतताना गाडीत सगळे गप्प होते. बॉशची गोष्ट त्याला मी तेव्हा सांगितली. त्यानं ती नीट ऐकली, थोडा वेळ खिडकीतून बाहेर बघितलं आणि म्हणाला, "ते सगळं ठीकंय. पण पुढच्या सामन्याला मला दोन तरी रेड द्या रे!"

देणार आहोत. टपरीवरच्या पुढच्या मीटिंगचा पहिला मुद्दा तोच आहे.