इटालीचें द्राक्षमद्य व आमची रसपरिभाषा

कांहीं वर्षांपूर्वीं माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानें परभणी जिल्ह्यांतील गोदातीरावर सांपडलेलें एक जाड खापर मजकडे आणून दिलें. आंतील बाजूस काळा लेप होता. तेवढ्यावरून मीं त्यास 'यावनी मद्यकुंभ' अशी चिठी डकविली व येणाऱ्या-जाणाऱ्यास तें अभिमानानें दाखवूं लागलों. पुढें ती चिठी काढावी लागली. तिचें कारण संग्राहकांच्या उपयोगी पडेल म्हणून हें टिपण.

इटालीचें मद्य आपल्याकडे येत होतें, यांत संशय नाहीं. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथांत भडोच बंदरीं उतरणाऱ्या मालांत मद्य सांगितलें आहे. त्यांत मुख्य इटालीचें, शिवाय लाओदिकियाचें व अरबस्तानचें. भडोचहून दक्षिणेस २० दिवसांच्या वाटेवर पैठण व तेथून पूर्वेस १० दिवसांवर तगर, असेंही तेथेंच आहे. तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यांतील तेर, हें फ्लीट यांनीं १९०१ सालीं दाखविलें. नेवासें येथील १९५४-५६ च्या उत्खननांत रोमन कुंभांचीं खापरें मिळालीं, तेव्हां गोदेच्या खोऱ्याचा संबंध केवळ तर्काचा राहिला नाहीं.

या मद्याची चव कशी होती? प्लिनीनें कॅम्पानियांतील प्रसिद्ध फालेर्नियन मद्याचे तीन प्रकार केले आहेत: उग्र-तुरट, मधुर व हलकें. इ. स. पूर्वी १२१ सालचें मद्य त्याच्या काळापर्यंत आटून कडवट मधासारखें झालें होतें, असेंही तो लिहितो. अस्मादिकांनीं या पदार्थास जन्मांत स्पर्श केलेला नाहीं. परंतु लक्षण समजण्यास लक्ष्याचें पान करावेंच लागतें असें नाहीं.

आजचे परीक्षक आधीं रंग, मग गंध व शेवटीं चव पाहतात. पिडमाँटमधील बारोलो या मद्याच्या गंधास ते गुलाब व डांबर यांची उपमा देतात, आणि तें फार तुरट असतें असें सांगतात. मात्र तुरटपणा त्यांच्या मतें रस नव्हे, तो जिभेस होणारा स्पर्श. आमच्याकडे कषाय हा सहा रसांपैकीं एक. तरीही चरकानें सूत्रस्थानाच्या २६ व्या अध्यायांत त्याचें लक्षण सांगतांना जिभेची स्तब्धता, जडपणा व कंठ आवळल्यासारखें होणें, हेंच सांगितलें आहे; म्हणजे स्पर्शाचाच अनुभव. वर्गीकरण भिन्न, निरीक्षण मात्र एकच.

मद्यास देशावरून नांव देण्याची चालही आमची जुनीच. कौटिल्य द्राक्षरसाच्या मद्यास 'मधु' म्हणतो व त्याचे कापिशायन आणि हारहूरक हे भेद देशनामांनींच सांगतो. कापिशायन शब्दासाठीं पाणिनीचें स्वतंत्र सूत्र आहे. इटालींत १९६३ च्या कायद्यानें हीच गोष्ट नियमबद्ध झाली. मीं स्वतः पुष्कळ वर्षें 'मधु' म्हणजे मध असेंच शिकवीत आलों, हें येथें कबूल करणें बरें. पोथ्यांत आणखी एक खांच आहे. 'मार्द्वीक' म्हणजे द्राक्षांचें, 'माध्वीक' म्हणजे मधाचें किंवा मोहाचें मद्य. लेखकाच्या हातून एक रेफ गळला व 'द'चा 'ध' झाला कीं द्राक्षें जाऊन मोह आला. वैद्यक पोथ्यांची सूची करणारांनीं या जागीं पाठ ताडून पाहावा.

आतां खापराकडे. रोमन कुंभास आंतून झाडाच्या राळेचा लेप देत. पण मेसोपोटेमियाच्या बाजूनें येणाऱ्या बिनकानी लांबट कुंभांस खनिज डांबराचा लेप असे. भारतांत रोमन म्हणून नोंदलेलीं कित्येक खापरें पुढें या दुसऱ्या जातीचीं ठरलीं. केवळ काळ्या लेपावरून, रासायनिक परीक्षेवांचून, निर्णय होत नाहीं. स्थानिक मडक्याची जळकी कडही नवख्यास फसविते. कॅम्पानियाच्या कुंभांच्या मातींत ज्वालामुखीची काळी रेती दिसते व त्यांचा कान पुष्कळदां दोन दांड्या जोडून केलेला असतो. माझ्या खापरास कान नाहीं, रेतीही दिसत नाहीं. नव्या चिठीवर मीं लिहिलें आहे: 'जाड खापर, गोदातीर, आंतून काळा लेप, जाति अनिश्चित.' पाथरी, सोनपेठ, गंगाखेड या बाजूस कोणाजवळ जोडदांडीचा कान असल्यास त्यानें तो धुण्यापूर्वीं जाणकारास दाखवावा.