परतीचा दोर

'परतीचे दोर कापणे' हा वाक्प्रचार मराठी माणसाच्या चांगल्या परिचयाचा आहे. 1670 मध्ये सिंहगडावर तानाजी मालुसरे धारातीर्थी पडल्यावर सूर्याजीने गडाचे दोर कापले आणि माघार घेणारे मावळे पुन्हा शत्रूवर तुटून पडले, ही कथा शाळकरी वयापासून कानी पडलेली असते. रणांगणावर जे शौर्य ठरले, तेच संगणक कक्षात मात्र अनर्थास कारण ठरू शकते. तेथील नियम नेमका उलट आहे. परतीचा दोर बांधून, त्यावर एकदा उतरून पाहिल्याखेरीज चढाई करावयाची नाही.

हा नियम ज्या शहरांत रोजच्या कामाचा भाग झाला आहे, त्यांपैकी चेन्नई हे एक प्रमुख शहर होय. 1996 मध्ये सुरू झालेल्या 'झोहो' या कंपनीचे मुख्यालय चेन्नईजवळ आहे. 2025 मध्ये केंद्र शासनाच्या सुमारे 12 लाख कर्मचाऱ्यांची ई-मेल खाती या कंपनीच्या प्रणालीवर नेण्यात आल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले. अशा कामांत पुढे जाण्याचा आराखडा जितका महत्त्वाचा, तितकाच मागे येण्याचाही असतो. संगणकाच्या परिभाषेत त्यास 'रोलबॅक' असे म्हणतात.

कीर्द आणि खतावणी

ई-मेल सर्व्हर म्हणजे संस्थेचे टपाल कार्यालय आणि दप्तरखाना एकाच ठिकाणी. त्यावरील सॉफ्टवेअर जुने झाले की नवी आवृत्ती बसवावी लागते. हे काम बहुधा शनिवारी रात्री हाती घेतले जाते, कारण रविवारी कार्यालये बंद असतात. नवी आवृत्ती नीट चालली नाही, तर 'जुनी पुन्हा बसवा' असे म्हणणे सोपे असते. प्रत्यक्षात अडचण तेथेच सुरू होते.

हिशेबनीसांच्या हे चटकन लक्षात येईल. नवी खतावणी सुरू करून दोन दिवस नोंदी केल्या आणि ती सदोष निघाली म्हणून जुनी खतावणी पुन्हा उघडली, तर त्या दोन दिवसांच्या नोंदींचे काय? रोजकीर्द जपून ठेवली असेल, तर त्या नोंदी जुन्या खतावणीत पुन्हा चढविता येतात. ई-मेल सर्व्हरही प्रत्येक व्यवहार आधी अशाच एका रोजकीर्दीत, म्हणजे 'लॉग'मध्ये, टिपून ठेवू शकतो. मात्र नव्या आवृत्तीने लिहिलेली नोंद जुन्या आवृत्तीला वाचता येईलच, याची शाश्वती नसते. म्हणून मधल्या काळात आलेली पत्रे आधी स्वतंत्र काढून घ्यावयाची आणि मगच माघारी फिरावयाचे, हा क्रम पाळावा लागतो.

या कामी ई-मेलच्या रचनेत एक मोठी सोय आहे. पत्र स्वीकारणारा सर्व्हर बंद असल्यास पाठविणारा सर्व्हर ते लगेच टाकून देत नाही. ते रांगेत ठेवून पुनःपुन्हा प्रयत्न करतो. असे प्रयत्न निदान चार-पाच दिवस चालू ठेवावेत, अशी आंतरराष्ट्रीय मानकांची अपेक्षा आहे. म्हणूनच अर्धवट चालणाऱ्या सर्व्हरपेक्षा काही तास पूर्ण बंद ठेवलेला सर्व्हर अधिक सुरक्षित असतो. अर्धवट सर्व्हर पत्र स्वीकारतो आणि हरवून बसतो.

दोन उदाहरणे

27 फेब्रुवारी 2011 रोजी 'जी-मेल'च्या काही खातेदारांना आपला पत्रसाठा रिकामा दिसला. साठवणुकीच्या सॉफ्टवेअरमध्ये केलेल्या बदलात दोष राहून गेला होता. गुगलने तो बदल थांबवून जुनी आवृत्ती पुन्हा आणली. बाधित खातेदार एकूण संख्येच्या अवघे 0.02 टक्के होते. पण त्यांच्या पत्रांच्या निरनिराळ्या केंद्रांतील अनेक प्रतींवरही दोषाचा परिणाम झाला होता. अखेर उपयोगी पडल्या त्या चुंबकीय फितींवरील प्रती. त्या चालू प्रणालीला जोडलेल्या नसल्यामुळे दोष त्यांच्यापर्यंत पोहोचला नव्हता.

दुसरे उदाहरण ब्रिटनमधील एका बँकसमूहाचे असून ते अधिक बोधप्रद आहे. जून 2012 मध्ये रॉयल बँक ऑफ स्कॉटलंड समूहात दिवसअखेरचे व्यवहार क्रमाने हाताळणाऱ्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती बसविण्यात आली. अडचणी दिसताच ती काढून टाकण्याचा निर्णय झाला. परंतु परतीच्या परिणामांची चाचणी आधी घेतलेली नव्हती आणि दोन आवृत्त्यांचा परस्परांशी मेळ बसला नाही. 65 लाखांहून अधिक ग्राहकांना त्याची झळ पोहोचली. 2014 मध्ये तेथील नियामकांनी या समूहास एकूण 5 कोटी 60 लाख पौंड दंड केला. येथे निर्णय माघारीचाच होता. पण तो दोर कोणी ओढून पाहिलेला नव्हता.

परतीची वेळ

अनुभवी तंत्रज्ञ म्हणूनच परतीची वेळ आधीच ठरवून ठेवतात. समजा, कार्यालय सोमवारी सकाळी 9 वाजता उघडते आणि जुनी प्रणाली पूर्ववत करून तपासण्यास 5 तास लागतात. तर उशिरात उशिरा पहाटे 4 वाजता निर्णय झालाच पाहिजे. दोन तासांची सवड धरल्यास रात्रीचे 2 वाजतात. ती वेळ आली की 'आणखी दहा मिनिटे पाहू' हा मोह आवरावा लागतो. निर्णय कोणी घ्यावयाचा, तेही आधीच लिहून ठेवलेले असते. कारण रात्रभर जागलेल्या माणसाला स्वतःच्या मेहनतीवर पाणी सोडणे जड जाते.

चेन्नईपासून सुमारे दीडशे किलोमीटरवर जिंजीचा किल्ला आहे. छत्रपती शिवाजी महाराजांनी 1677 मध्ये तो घेतला. बारा वर्षांनी, रायगडावर संकट कोसळल्यावर, राजाराम महाराज याच जिंजीच्या आश्रयास गेले आणि तेथून स्वराज्याचा कारभार चालला. आधी राखलेली जागा पुढे माघारीच्या वेळी कामी आली. 2025 मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिलेल्या बारा मराठा किल्ल्यांत महाराष्ट्राबाहेरील हा एकमेव किल्ला आहे.

ग्राहकांसाठी

ग्राहकांनीही यातून काही गोष्टी घेण्याजोग्या आहेत. खात्याची विवरणपत्रे, मुदतठेवीच्या पावत्या व करविषयक कागद केवळ ई-मेलमध्ये न ठेवता त्यांची एक प्रत अन्यत्र, जोडणीबाहेर ठेवावी. मोबाइलचे सॉफ्टवेअर बदलण्यापूर्वी बॅकअप घ्यावा आणि त्यातील एखादी फाइल उघडून पाहावी. न उघडणारा बॅकअप हा वटल्याशिवाय परत येणाऱ्या धनादेशासारखा असतो.

'बँकेचा सर्व्हर अद्ययावत होत आहे, पासवर्ड कळवा' असे पत्र आल्यास ते निश्चितपणे फसवे समजावे. सर्व्हर पुढे जावो वा मागे येवो, त्यासाठी ग्राहकाच्या पासवर्डची गरज नसते. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशानुसार बँकांना 31 ऑक्टोबर 2025 पर्यंत आपली संकेतस्थळे 'डॉट बँक डॉट इन' या पत्त्यावर न्यावयाची होती; तो शेवट पाहून खात्री करून घेण्याची सवय लावावी.

शनिवारी रात्री आरंभिलेले काम सोडून एखादा चमू पहाटे जुन्या आवृत्तीवर परततो आणि सोमवारी सकाळी सर्वांची पत्रे जागच्या जागी मिळतात. रात्री काय घडले, हे कोणाच्या ध्यानीही येत नाही. त्या चमूच्या कामाची पावती हीच.