विकास योजनेंतील फेरबदल व शेतकऱ्याची सुनावणी

अमरावती व अकोला या शहरांची हद्द आतां पुष्कळांच्या वावराच्या धुऱ्यास येऊन भिडली आहे. अमरावती महानगरपालिका १९८३ सालीं बडनेऱ्यासह स्थापन झाली; अकोल्याची २००१ सालीं झाली व २०१६ सालच्या हद्दवाढींत आसपासचीं अनेक गांवें तींत आलीं. अशा जमिनीवर विकास योजनेच्या नकाशांत रस्ता, शाळा किंवा बगीचा यांचें आरक्षण पडूं शकतें. मात्र मंजूर झालेला नकाशा मागाहून बदलावयाचा, किंवा एकदां दिलेली परवानगी काढून घ्यावयाची, तर संबंधितांचें म्हणणें ऐकून घ्यावें लागतें, ही गोष्ट आपल्या बऱ्याच बंधूंस ठाऊक नसते.

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ याचें कलम ३७ पाहावें. योजनेचें स्वरूप न पालटणारा फेरबदल करावयाचा असल्यास नगरपालिकेनें किंवा महानगरपालिकेनें राजपत्रांत व अन्य रीतीनें नोटीस प्रसिद्ध करावयाची असते. तिच्या तारखेपासून एक महिन्याच्या आंत कोणासही हरकत घेतां येते. शिवाय ज्यांस बाध येतो त्यांस निराळी नोटीस देऊन व त्यांची सुनावणी घेऊन मगच प्रस्ताव राज्य शासनाकडे मंजुरीस पाठवावयाचा असतो.

आतां ही नोटीस कोणाच्या नांवें निघणार? साधारणतः सातबाऱ्यावर जें नांव असेल त्याच्या. वडील वारून दहा वर्षें झालीं तरी वारसाचा फेरफार न करणारीं घरें मीं नोकरींत असतां शेंकड्यांनीं पाहिलीं. तेथें नोटीस मृताच्या नांवें निघते, व मुलास खबर लागते ती मोजणीदारानें खुंट ठोकल्यावर.

निवृत्तीनंतर एका वृद्ध शेतकऱ्यासमवेत मी अशा सुनावणीस गेलों होतों. नियोजित रस्ता त्यांच्या संत्र्याच्या बागेंतून जात होता. जमीन वडिलोपार्जित असल्याचें ते पाव घटका सांगत राहिले. अधिकाऱ्यानें शांतपणें विचारलें, "विहीर कोणत्या बाजूस आहे? रस्ता सरकवावा तर कोठें?" मोजणीचा नकाशा घरींच राहिला होता. दोष अधिकाऱ्याचा नव्हता. मींच त्यांस आधीं बजावावयास हवें होतें. लेखी हरकत, सातबारा, मोजणी नकाशा व झाडें-विहीर यांची नोंद हीं बरोबर असावीं, आणि हरकतीच्या प्रतीवर आवक क्रमांकासह पोच घेतल्याखेरीज कचेरी सोडूं नये.

दिलेली परवानगी, उदाहरणार्थ मंजूर लेआऊट, रद्द करण्याचा किंवा बदलण्याचा अधिकार कलम ५१ मध्यें आहे. तेथेंही परवानाधारकास म्हणणें मांडण्याची संधी द्यावीच लागते. बांधकाम बरेंच पुढें गेल्यावर, किंवा जमिनीच्या वापरांत बदल होऊन गेल्यावर, असा हुकूम काढतां येत नाहीं. अमेरिकेच्या कॅलिफोर्निया प्रांतांत विकासाचा करार बदलतांना किंवा रद्द करतांना जाहीर सुनावणी होते व शेजाऱ्यासही बोलतां येतें. आपल्या कलम ५१ ची संधी मात्र परवानाधारकापुरतीच आहे. लेआऊटमधून ज्याची वहिवाट जाते त्या शेजाऱ्यानें आपला अर्ज आपणच पुढें द्यावा, हें बरें.

हुकूम निघालाच, तर परवानगीप्रमाणें केलेला व आतां वायां गेलेला खर्च भरपाई म्हणून विहित मुदतींत मागतां येतो. देऊं केलेली रक्कम मान्य नसल्यास तसें मुदतींत लेखी कळवावें. मग प्रकरण न्यायालयाकडे सोंपविलें जातें. खर्चाच्या पावत्या यासाठींच जपून ठेवावयाच्या.