दिव्हेर्से मानिएरे

दिव्हेर्से मानिएरे द'आदोर्नारे इ काम्मिनी (शेकोट्या सजविण्याच्या विविध रीती) हा इटालियन कलावंत जोव्हान्नी बात्तिस्ता पिरानेसी (१७२०–१७७८) याचा अम्लरेखित मुद्राचित्रांचा संग्रह असून तो १७६९ मध्ये रोम येथे प्रसिद्ध झाला. नवअभिजात शैलीतील गृहांतर्गत सजावटीच्या अभ्यासासाठी तो महत्त्वाचा मानला जातो.

तंत्र

तांब्याच्या पत्र्यावर मेणासारखा लेप देऊन त्यावर सुईने चित्र कोरले जाते. पत्रा अम्लात बुडविला असता उघड्या पडलेल्या रेषाच तेवढ्या खोदल्या जातात. त्यांत शाई भरून ओलसर कागदावर ठसा घेतात. एका पत्र्यावरून अनेक प्रती निघत असल्यामुळे असे नमुने दूरदेशीच्या कारागिरांपर्यंत पोहोचू शकत.

स्वरूप

संग्रहात भिंतीतील शेकोट्यांच्या संगमरवरी चौकटींबरोबरच घड्याळे, मेजे, बग्ग्या व मेणे यांचेही आराखडे आहेत. ग्रीक कलाच श्रेष्ठ, या तत्कालीन मताला विरोध करून पिरानेसीने इजिप्शियन व इट्रुस्कन अलंकरणाचा मुक्त वापर केला. इटालियन, इंग्रजी व फ्रेंच अशा तीन भाषांतील प्रस्तावनेत त्याने या भूमिकेचे समर्थन केले आहे.

महत्त्व

यांतील काही आराखडे प्रत्यक्षात उतरले. जॉन होप या बँकमालकासाठी घडविलेली चौकट ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे. याउलट, रोममधील इंग्रज प्रवाशांच्या एका कॉफीगृहात पिरानेसीने योजलेली इजिप्शियन धर्तीची भित्तिसजावट नष्ट झाली आहे. तिचे स्वरूप आज मुख्यतः या संग्रहातील दोन मुद्राचित्रांवरूनच कळते. भिंती गेल्या, परंतु कागदावरील ठसे उरले.