सायकल घ्या, पण आधी माप द्या!

सायकल चालवणे हा उत्तम व्यायाम आहे. शरीराचे बरेचसे वजन सीट पेलते, त्यामुळे पळण्याच्या मानाने गुडघ्यांवर भार कमी येतो. असे असूनही सायकल सुरू केल्यापासून गुडघे किंवा मान दुखते, अशी तक्रार घेऊन अनेकजण माझ्याकडे येतात. मी त्यांना पुढच्या वेळी सायकल सोबत आणायला सांगतो. पुष्कळदा दुखण्याचे मूळ सायकलीच्या मापात असते.

सोलापुरी चादर एकाच मापाची असली तरी घरातल्या सर्वांना चालते. सायकलीचे तसे नाही. आपल्याकडच्या काळ्या सायकलीची फ्रेम वर्षानुवर्षे २२ किंवा २४ इंचांची, आणि त्याच सायकलीवर बापही बसे, मुलगाही बसे. सीट वर-खाली करता येते. पण वरच्या दांडीची लांबी फ्रेम जोडतानाच कायमची ठरते.

दुखणे काय सांगते?

गुडघा पुढच्या बाजूने दुखत असेल तर सीट बहुधा खाली आहे. मागच्या बाजूने दुखत असेल, किंवा पायडल मारताना कंबर डावी-उजवीकडे हलत असेल, तर सीट उंच आहे. करंगळी व शेजारचे बोट बधिर होणे, मान भरून येणे, ही हँडल फार दूर किंवा खाली असल्याची लक्षणे. जांघेत बधिरपणा येत असेल तर सीटचे टोक वर उचललेले आहे का पाहा. हा बधिरपणा अंगावर काढू नये.

घरच्या घरी माप

अनवाणी भिंतीला पाठ लावून उभे राहा. जांघेत एक जाड पुस्तक घट्ट धरून जमिनीपासून त्याच्या वरच्या कडेपर्यंत माप घ्या. त्याला ०.८८३ ने गुणा. माप ८० सेंटिमीटर आले, तर क्रँकच्या ॲक्सलच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत सुमारे ७०.६ सेंटिमीटर अंतर हवे. पायडल सर्वांत खाली असताना गुडघ्यात थोडा बाक राहिला पाहिजे. एवढे काम गल्लीतला सायकल मिस्त्रीही एका पान्याने करून देईल.

मापाची फ्रेम कोणासाठी?

बहुतेकांचे यातच भागते. पण फार बुटक्या, फार उंच किंवा पाठ ताठर असलेल्या माणसांचे भागत नाही. पाच फुटांहून कमी उंचीच्या एका शिक्षिका माझ्याकडे येतात. त्यांना मधुमेह आहे आणि रोजच्या सायकलीने साखर आटोक्यात राहते. दुकानातली सर्वांत लहान फ्रेमही त्यांना लांब पडे. मानेच्या दुखण्याने सायकल सुटण्याची वेळ आली होती. आखूड दांडीची फ्रेम बनवून घेतल्यावर मान थांबली आणि सायकल चालू राहिली.

असे काम आपल्या राज्यातही होते. पुण्याचे शशिशेखर पाठक यांनी ‘बांबूची’ या नावाने बांबूच्या सायकली हाताने बनवल्या आहेत.

कारागीर कसा निवडाल?

१. तो केवळ उंची विचारतो, की पाय, धड, हात आणि खांदे मोजतो? शिंप्याइतके तरी माप त्याने घेतलेच पाहिजे.

२. जुने दुखणे, शस्त्रक्रिया, वजन आणि रोजचे अंतर विचारतो का?

३. नळ्या कापण्यापूर्वी मापांचा कागद तुमच्या हातात देतो का?

४. त्याने बनवलेली, काही वर्षे वापरलेली सायकल पाहायला मिळते का? सांधे नीट न्याहाळा. तिच्या मालकाशी बोला.

५. सायकल दिल्यानंतर महिन्याभराने पुन्हा बसवून पाहायला तयार आहे का?

रंग, स्टिकर आणि वजनाच्याच गप्पा मारणाऱ्यापेक्षा तुमच्या गुडघ्याची चौकशी करणारा बरा. आणि एक इशारा. स्वस्तात होते म्हणून जुनी फ्रेम कोणत्याही वेल्डिंगच्या दुकानात कापून जोडून घेऊ नका. जादा आचेने पातळ नळी सांध्याजवळ कमजोर होते. पुढचा फोर्क चालत्या सायकलीत तुटला तर माणूस थेट तोंडावर पडतो.

सोलापूरच्या उन्हाळ्यात सायकल पहाटेच काढा, पाण्याची बाटली सोबत ठेवा. माप नीट करूनही दोन आठवड्यांत दुखणे कमी झाले नाही, किंवा गुडघ्याला सूज आली, तर मिस्त्रीकडे न जाता डॉक्टरांकडे जा.