हंगामी हुद्द्याचे मानकरी

अळणावरच्या फलाटावरून पश्चिमेकडे निघालेला लोहमार्ग लोंढ्यापाशी घाटाची दिशा धरतो, कॅसलरॉक मागे टाकून दूधसागरच्या धबधब्याजवळून खाली उतरतो आणि वास्को शहरात, मुरगाव बंदराच्या तोंडाशी, विसावतो. बेळ्ळारी-होसपेटच्या खाणींतले लोहखनिज याच वाटेने बंदरावर गेले. गोव्याच्या स्वतःच्या खाणींतले खनिज नदीमार्गे तेथेच येऊन पोहोचले. आणि त्या व्यापारातून उभ्या राहिलेल्या साळगावकर घराण्याने 1956 साली वास्कोत जो फुटबॉल क्लब स्थापन केला, त्याने पुढे केवळ खेळाडूच घडवले असे नव्हे, तर बूट उतरवल्यावर संघ घडवण्याची विद्या आत्मसात करणारी माणसेही घडवली. धारवाड जिल्ह्याच्या या अळणावरकडील अरण्यसीमेवर फुटबॉलविषयी ज्याला कुतूहल आहे, त्याची दृष्टी कोलकात्याकडे वळण्यापूर्वी या मार्गाने वास्कोकडे वळावी, हे स्वाभाविकच आहे.

डेरिक परेरा हे त्या क्लबचे बचावपटू. 1988 आणि 1989 अशी सलग दोन वर्षे फेडरेशन चषक जिंकून साळगावकरांनी गोव्याच्या फुटबॉलला देशात जी प्रतिष्ठा मिळवून दिली, त्या भरभराटीच्या कालखंडातले हे खेळाडू; भारताच्या राष्ट्रीय संघातही त्यांनी स्थान मिळवले होते. मध्यभागी उभ्या राहणाऱ्या बचावपटूला एक लाभ असा असतो की, प्रतिपक्षाचा आघाडीवीर पाठ करून झुंजत असताना त्याला मात्र सारे मैदान समोर दिसत असते: आपल्या मध्यरक्षकांमध्ये कोठे अंतर पडले, कोणता सहकारी थकला, चेंडू गमावल्यावर कोण परतला नाही. हे पाहणे आणि पाहिलेले वेळीच ओरडून सांगणे हे त्याचे नित्यकर्मच असते, आणि प्रशिक्षकाच्या कामाचा मोठा भाग याहून फारसा वेगळा नाही, असे मला वाटते.

परेरांची प्रशिक्षक म्हणून खरी कसोटी लागली ती मुंबईत. महिंद्र कंपनीचा संघ 1962 पासून कूपरेज मैदानावर खेळत आला होता. 2005-06 च्या मोसमात परेरांच्या मार्गदर्शनाखाली त्याने फेडरेशन चषक आणि राष्ट्रीय फुटबॉल लीग ही दोन्ही अजिंक्यपदे एकाच वर्षी मिळवली, आणि 2007 साली आशियाई फुटबॉल महासंघाच्या चषकात उपांत्यपूर्व फेरीही गाठली. त्यानंतर ते पुण्याला गेले. पुणे एफसी नुकताच दुसऱ्या श्रेणीतून वर आला होता. देशाच्या वरच्या श्रेणीतल्या आय-लीगमधल्या त्याच्या पहिल्याच मोसमात, म्हणजे 2009-10 मध्ये, परेरांनी त्याला तिसरे स्थान मिळवून दिले आणि 2012-13 मध्ये दुसरे. क्रिकेटच्या आणि कुस्तीच्या या शहरात बालेवाडीच्या मैदानावर हे घडत होते, तेव्हा मराठी वृत्तपत्रांनी त्याची जी अल्प दखल घेतली, तिची खंत आजही वाटते.

पण या यशोगाथेच्या पायाखालची जमीन सतत सरकत होती. महिंद्र संघ 2010 साली मालकांनी बंद केला. पुणे एफसीने 2015 मध्ये गाशा गुंडाळला. परेरांनी पुढे ज्याची धुरा घेतली, तो पुण्याचाच डीएसके शिवाजीयन्स 2017 नंतर उरला नाही. स्वतः साळगावकर क्लबनेही राष्ट्रीय महासंघाच्या लीगविषयक नव्या आराखड्याच्या निषेधार्थ 2016 साली आय-लीगमधून अंग काढून घेतले. त्याच्याबरोबर धेंपो आणि स्पोर्टिंग क्लब दि गोवा हेही बाहेर पडले. धेंपो म्हणजे आर्मांडो कुलासो यांच्या अमलाखाली राष्ट्रीय पातळीवरची 5 अजिंक्यपदे मिळवणारा क्लब. खेळाडूला नवा क्लब शोधता येतो. प्रशिक्षकाची गोष्ट निराळी. तीन-चार वर्षे खपून त्याने जी शिस्त बसवलेली असते, जी मुले कनिष्ठ संघातून वर आणलेली असतात, ते सारे संचित क्लबाच्या दप्तराबरोबर बांधून टाकले जाते आणि दुसऱ्या दारात त्याला पुन्हा ओनामा गिरवावा लागतो.

या मोडतोडीतून एक विलक्षण परिणाम उद्भवला. मिझोरमचा ऐझॉल एफसी 2015-16 मध्ये आय-लीगमधून खाली घसरला होता. परंतु गोव्याचे क्लब बाहेर पडल्यामुळे जागा रिकामी झाली आणि त्याला लीगमध्ये पुन्हा बहाल करण्यात आले. त्याच वर्षी मुंबईत खालिद जमील हे प्रशिक्षक मोकळे झाले होते. कुवेतमध्ये जन्मलेले, मुंबईत स्थिरावलेले, महिंद्र आणि एअर इंडिया या संघांतून मध्यरक्षक म्हणून खेळलेले जमील हे तत्त्वनिष्ठेसाठीही ओळखले जात: कोलकात्याच्या दोन्ही बड्या क्लबांच्या अंगरख्यावर मद्याच्या छापाची जाहिरात असे, म्हणून तिकडचे बोलावणे त्यांनी नाकारले होते. दुखापतींनी त्यांची खेळाडू म्हणून कारकीर्द लवकर आटोपली. 2009 साली, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, ते मुंबई एफसीचे प्रशिक्षक म्हणून रुजू झाले आणि 2016 पर्यंत, तुटपुंज्या साधनसामग्रीवर, त्यांनी तो संघ वरच्या श्रेणीत टिकवून धरला. ते गेल्यावर पुढच्याच वर्षी तो क्लबही संपला.

ऐझॉलने जमील यांच्याकडे सूत्रे दिली, आणि त्याचा 2016-17 चा मोसम तपशिलाने सांगण्याजोगा आहे. 22 एप्रिल 2017 रोजी ऐझॉलच्या मैदानावर मोहन बागानविरुद्ध सामना संपायला थोडा वेळ उरला असताना बचावपटू झोहमिंगलियाना राल्टे याने डोक्याने चेंडू जाळ्यात धाडला, आणि 1-0 अशा विजयाने ऐझॉल अग्रस्थानी आला. शेवटचा सामना 30 एप्रिलला शिलाँगमध्ये लाजाँगशी. अजिंक्यपदाला एक गुण पुरेसा. परंतु नवव्याच मिनिटाला डिपांडा डिका याने गोल करून लाजाँगला आघाडी मिळवून दिली. अशा प्रसंगी प्रशिक्षकापुढे दोन मार्ग असतात: तात्काळ सारी फौज पुढे लोटायची, की ठरलेली मांडणी राखून संधीची वाट पाहायची. पहिल्या मार्गात दुसरा गोल बसण्याचा धोका, दुसऱ्यात घड्याळाचा. ऐझॉलने धीर सोडला नाही. सदुसष्टाव्या मिनिटाला विल्यम लालनुनफेला याने बरोबरी साधली, उरलेला वेळ बचावफळीने निकराने रेटून नेला आणि बागानच्या 36 गुणांपुढे 37 गुण घेऊन ईशान्य भारतातला पहिला क्लब देशाचा अजिंक्यवीर ठरला.

एवढ्या कर्तृत्वानंतर जमील यांना इंडियन सुपर लीगमध्ये कायम नेमणूक मिळावयास हवी होती; ती मिळण्यास चार वर्षे गेली. 2014 साली सुरू झालेल्या या लीगमध्ये मुख्य प्रशिक्षकाची गादी परदेशी माणसासाठी आणि त्याच्या शेजारची खुर्ची देशी माणसासाठी, असा जणू अलिखित करारनामाच होता. नॉर्थईस्ट युनायटेडने 2021 च्या जानेवारीत परदेशी प्रशिक्षकाला मोसमाच्या मध्यावर निरोप दिला, तेव्हा जमील यांच्याकडे हंगामी सूत्रे आली. साखळीत ओळीने 9 सामने अपराजित राहून त्यांनी संघाला बाद फेरीत नेले, आणि मगच, त्या वर्षाच्या उत्तरार्धात, कायम मुख्य प्रशिक्षक होणारे ते या लीगमधले पहिले भारतीय ठरले.

याच रीतीचा अनुभव धेंपोच्या मध्यफळीत वाढलेल्या क्लिफर्ड मिरांडा यांनाही आला, आणि त्यांच्या बाबतीत तर योगायोग इतका नेमका आहे की वाचकाने तो लक्षात ठेवावा. 2020 च्या जानेवारीअखेर एफसी गोवाने सर्जिओ लोबेरा या स्पॅनिश प्रशिक्षकाला मोसम संपत आलेला असताना दूर केले. मिरांडा हंगामी प्रशिक्षक झाले, तांत्रिक संचालक म्हणून डेरिक परेरा त्यांच्या पाठीशी उभे राहिले, आणि 19 फेब्रुवारीला जमशेदपूरचा 5-0 असा पराभव करून गोव्याने साखळीतले अव्वल स्थान व त्यासोबत आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत प्रवेश मिळवणारा पहिला भारतीय क्लब हा मान पटकावला. तीन वर्षांनी, 2023 च्या मार्चमध्ये, ओडिशा एफसीने असाच स्पॅनिश प्रशिक्षक दूर सारला आणि पुन्हा मिरांडांनाच पाचारण केले. 25 एप्रिलला कोळिकोडमध्ये, दिएगो मॉरिसिओच्या दोन गोलांच्या बळावर, त्यांनी बंगळुरूला 2-1 असे नमवून ओडिशाला इतिहासातला पहिला चषक मिळवून दिला. पुढच्या मोसमासाठी ओडिशाने मुख्य प्रशिक्षक म्हणून ज्यांना मुक्रर केले, ते सर्जिओ लोबेरा होते.

लोबेरा हे मोठ्या योग्यतेचे प्रशिक्षक आहेत, यात संशय नाही, आणि परदेशी गुरूंचे ऋण आपल्या फुटबॉलवर आहे हेही खरे. माझे म्हणणे एवढेच की, आशियाई महासंघाच्या परवान्यांची डी, सी, बी, ए आणि प्रो ही शिडी वर्षानुवर्षे चढून आलेल्या, आणि चढताना कनिष्ठ संघांपासून गोलरक्षकांच्या सरावापर्यंत सारे काही हाताने केलेल्या माणसाला घर पेटल्यावरच बोलवावे, हा न्याय नव्हे. साळगावकरांचेच आणखी एक जुने खेळाडू सावियो मदेरा यांनी राष्ट्रीय महासंघाच्या प्रशिक्षक-शिक्षण विभागाची धुरा वाहिली. म्हणजे विद्या देण्याची व्यवस्था देशात होती, ती घेणारेही होते. उणीव होती ती मुदतीची. स्वतः मदेरा 2011 साली भारताचे मुख्य प्रशिक्षक झाले, डिसेंबरात दिल्लीला दक्षिण आशियाई अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात अफगाणिस्तानला 4-0 असे हरवून चषक जिंकला, आणि अवघ्या तीन महिन्यांनी काठमांडूत चॅलेंज चषकातले तिन्ही सामने गमावल्यावर त्यांचा कार्यकाळ आटोपला.

त्यानंतर राष्ट्रीय संघाची सूत्रे पुन्हा एका भारतीयाच्या हाती यायला 2025 चा ऑगस्ट उजाडावा लागला, आणि तो भारतीय म्हणजे खालिद जमील. महिनाभरातच ताजिकिस्तानात यजमानांना 2-1 असे हरवून, पुढे ओमानला पेनल्टींवर मागे टाकून, त्यांच्या संघाने मध्य आशियाई राष्ट्रांच्या स्पर्धेत तिसरे स्थान मिळवले. ऑक्टोबरमध्ये मात्र मडगावच्या फातोर्ड्यात सिंगापूरकडून 1-2 अशी हार पत्करावी लागली आणि 2027 च्या आशियाई चषकाची वाट बंद झाली. ही पात्रता फेरी सुरू झाली तेव्हा संघ दुसऱ्याच्या हाती होता, आणि जमील यांना सूत्रे मिळाली तेव्हा तिचे दोन सामने होऊन गेलेले होते. त्यांचे मूल्यमापन करताना महासंघाने हा हिशेब आधी मांडावा, आणि परदेशी प्रशिक्षकाला जेवढी वर्षे सहज दिली जातात तेवढी, एकही कमी न करता, त्यांच्या करारनाम्यात लिहून द्यावी.